सुखरूप परत

१

लांबच्या प्रवासाहून कोणी घरी आलं की त्याला दारातच थांबवायचं, भाकरीचा तुकडा त्याच्यावरून ओवाळून बाहेर टाकायचा, पायावर पाणी घालायचं आणि मग आत घ्यायचं, ही पद्धत माझ्या सासूबाईंची. मी स्वतः असल्या गोष्टींतली नाही. उभा जन्म केंद्र सरकारच्या फायली उपसण्यात गेलेल्या बाईचा भुताखेतांवरच काय, लेखी आश्वासनांवरही विश्वास उरत नाही. पण सासूबाई गेल्या, पाठोपाठ यजमानही गेले आणि मुलगा मानस सैन्यात भरती झाला. मग मी मुकाट्याने ती पद्धत चालू ठेवली. नोएडात भाकरी रोज होत नाही, म्हणून तो येणार असेल त्या दिवशी एक मुद्दाम थापायची.

मानस ताडमाड उंच आणि मी पावशेर. त्यामुळे ओवाळताना त्याला दारात मान खाली घालावी लागते. तो ती घालतो, पण त्याआधी दरवेळी विचारतो, "आई, स्टूल आणू का?" माळ्यावरचं काढायला स्वयंपाकघरात एक लाकडी स्टूल आहे, त्याच्यावरून ही चेष्टा. मी म्हणते, "गप्प मान खाली घाल." एवढं झालं की माझा मुलगा घरी आला.

या उन्हाळ्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या तेव्हा मानस तिथेच होता. ते दिवस मी कसे काढले ते सांगत बसत नाही. टीव्ही बंद ठेवला होता, फोन उशाशी. मग तोफा थांबल्या, त्याचा फोन आला, "आई, मी ठीक आहे. रजा मिळाली की येतो." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले, कारण बाहेर अण्णा होते.

अण्णा म्हणजे माझे सासरे, विश्वनाथ सबनीस. एकाहत्तरच्या लढाईत होते. त्यांच्या समोर कोणी रडलेलं त्यांना चालत नाही.

२

आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष कल्पना मोघे. ही बाई कुठलीही गोष्ट साधेपणाने होऊ देत नाही. मंडळातल्या चार घरांची मुलं त्या वेळी सीमेवर होती. चौघंही सलामत आहेत असं कळल्यावर तिने जाहीर केलं, की क्लब हाऊसमध्ये सत्कार करायचा, पदकं द्यायची.

"बाहत्तर साली सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समधल्या मंडळाने दिली होती ना? अण्णांकडे आहे की एक," ती म्हणाली. "बस, तशीच करू. सरकार देईल तेव्हा देईल, आपल्या घरचं कौतुक वेगळं, यार."

अण्णांचं पदक हॉलमधल्या शोकेसमध्ये आहे. पितळेचं, वाटोळं, मागे त्यांचं नाव. कल्पनाने त्याचा फोटो काढला आणि पहाडगंजच्या शील्ड-ट्रॉफीवाल्याकडे मला पाठवलं, कारण रिटायर झालेल्या बाईला वेळच वेळ असतो असा मंडळाचा समज आहे.

निघताना अण्णा म्हणाले, "नाव घालून घेऊ नकोस."

"नावाशिवाय कसलं पदक, अण्णा?"

"आमच्या वेळी कोरी पदकं केली होती. ज्याचं नाव, तो परत आल्यावर कारागिरासमोर बसायचा, मगच तो नाव घालायचा. माझं घालताना त्याने दोनदा वर बघितलं माझ्याकडे. एक जण आलाच नाही, त्याचं पदक कोरंच राहिलं. नाव घातलं नाही त्याच्यावर."

मी बरं म्हटलं आणि मेट्रोत बसल्यावर विसरले. खरं सांगायचं तर विसरले नाही. चार कोरी पदकं आणून परत चौघांना पहाडगंजला धाडायचं, हा द्राविडी प्राणायाम कोण करणार, असा मी विचार केला.

दुकानात सगळं मशीनवर होतं. नाव टाइप करायचं की सुई आपोआप खरडते. समोरच्या बाजूला खांद्यावर सामान घेऊन परतणारा शिपाई, त्याखाली "रणभूमीवरून सुखरूप परत" आणि मागे नाव: मेजर मानस सबनीस. हातात घेऊन पाहिलं तर शिपायाचा गणवेश, पट्टा, बूट सगळं ठसठशीत, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता गुळगुळीत उंचवटा.

"इसका चेहरा तो आया ही नहीं," मी म्हटलं.

"इतने छोटे साँचे में चेहरा नहीं उठता, मैडम," दुकानदार मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला. "पहचान तो नाम से होती है."

३

सत्काराच्या दोन दिवस आधी मानसची रजा पुढे गेली. मी कल्पनाला म्हटलं, त्याचं नंतर बघू. पण हॉल ठरलेला, एक निवृत्त जनरल पाहुणे म्हणून यायचे होते, आणि निमंत्रणात नाव छापून गेलेलं.

तीन मुलं आली. एकेकाला क्लब हाऊसच्या दारात ओवाळून आत घेतलं, टाळ्या झाल्या. मग मानसचं नाव पुकारलं. कल्पनाने व्यासपीठावरच्या रिकाम्या खुर्चीवर त्याचं पदक ठेवलं आणि माझ्या हातात ताट दिलं.

"आता काय खुर्चीला ओवाळू?" मी कुजबुजले.

"पदकाला ओवाळ ना! त्याचंच आहे. तुकडा आणलायस तर वाया कशाला? लोक बघतायत, चलो."

चारचौघांत नाटक नको म्हणून मी ओवाळलं. तुकडा पायऱ्यांवरून खाली टाकला. ताटातलं पाणी खुर्चीच्या पायाशी घातलं. एवढ्यावर थांबायचं, तर सवयीने तोंडातून निघून गेलं, "ये रे, आत ये." पहिल्या रांगेतल्या दोघीतिघींनी डोळे पुसले. मला मात्र रिकाम्या पाटापुढे ताट वाढल्यासारखं वाटलं.

पदक पर्समध्ये टाकून मी आमच्या टॉवरकडे चालत निघाले. खाली गार्डने सलाम ठोकला.

"मुबारक हो मैडम, भैया आ गए!"

"कौन भैया?"

"आपके. अभी ऊपर गए. वर्दी में थे, नाम पढ़ लिया, तो मैंने रोका नहीं."

"चेहरा देखा था?"

तो गोंधळला. "टोपी थी, मैडम. नाम तो साफ लिखा था. सबनीस."

लिफ्ट अकराव्या मजल्यावर पोचेपर्यंत मी मनात त्याला शंभर शिव्या घातल्या. आईला सरप्राईज देतोस? थांब, बघते. घरात पाऊल टाकलं तर अण्णा आरामखुर्चीत होते, नेहमीसारखे खिडकीकडे तोंड करून.

"मानस आलाय," ते शांतपणे म्हणाले. "आंघोळीला गेलाय. दमलेला दिसतो फार. चेहरा अजून नीट बसलेला नाही त्याचा."

बाथरूममध्ये कोणी नव्हतं. पण फरशी ओली होती आणि गीझरचा लाल दिवा लागलेला होता. दिल्लीच्या त्या उकाड्यात गीझर लावायची दुर्बुद्धी आमच्या घरात कुणालाही झाली नसती. एक मानस सोडला तर. त्याला बारा महिने कढत पाणी लागतं.

मी तिथूनच त्याला फोन लावला. रिंग घरात कुठे वाजत नाही ना, हे कान देऊन ऐकलं. त्याने उचलला.

"आई? पोस्टवर आहे गं. काय झालं? झाला का सत्कार माझा?"

मागे वाऱ्याचा आवाज येत होता. म्हणजे तो तिथेच होता, शेकडो मैलांवर. माझा जीव भांड्यात पडला. गार्डने दुसऱ्याच कोणाला सोडलं असणार, आणि अण्णांचं वय झालं. मी गीझर बंद केला.

४

पदक शोकेसमध्ये अण्णांच्या पदकाशेजारी ठेवलं. मानसची खोली त्याच्याच शेजारी, मध्ये एक भिंत.

मानसला लहानपणापासून एक खोड आहे. दिव्याचं बटण तो एकदा दाबत नाही. लावतो, घालवतो, परत लावतो. टिक, टिक, टिक. त्यापायी किती ट्यूबा गेल्या आणि किती धपाटे बसले, त्याचा हिशेब नाही. पुढल्या आठवड्यात मी भाजी निवडत बसले होते, अण्णा समोर डुलक्या काढत होते आणि त्याच्या खोलीतून आवाज आला. टिक, टिक, टिक.

मी उठले नाही. आधी स्वतःला समजावलं. बटण जुनं, वायरिंग बिल्डरच्या मेहरबानीचं, वरच्या मजल्यावर फर्निचरचं काम चालू. ही सगळी कारणं खरी होती. तरी थोड्या वेळाने पाहिलं, तर मोडलेल्या शेंगा केरात आणि देठं ताटात पडली होती.

मग रोज काहीतरी. न्हाणीघरातला त्याचा टूथब्रश ओला. फ्रीजमधली बाटली तोंड लावून प्यायलेली, झाकण उघडं. कपाटाच्या दाराची करकर. मानसपासून नेहमी लपवायची ती लोणच्याची बरणी, तिच्यात बोट बुडवल्याची खूण. प्रत्येक गोष्टीला मी अण्णांचं नाव देत गेले. म्हातारं माणूस, करतं आणि विसरतं. अण्णांना विचारलं की ते म्हणत, "मी नाही. मानस असेल."

"अण्णा, मानस तिकडे आहे. परवा बोललात ना तुम्ही त्याच्याशी फोनवर?"

"तो फोनवरचा कोण आहे, मला माहीत नाही," अण्णा म्हणाले. "आवाज खरखरतो त्याचा. आपला इथे आहे. काल पत्ते खेळलो आम्ही. आज पुष्कळ ओळखू येत होता."

ज्या माणसाने मला नाव घालू नकोस म्हणून बजावलं होतं, तोच माणूस आता खुशीत होता. त्यांच्या गालांवर रंग आला होता. गेली कित्येक वर्षं न खाल्लेली दुसरी पोळी ते मागून घेत होते. मी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, या वयात असं होतं, त्यांना दुरुस्त करत बसू नका. मला तेवढंच हवं होतं. घरी येताना रिक्षात मी खरोखर हसले.

त्याच दुपारी शोकेस पुसताना पदक हातात घेतलं. शिपायाच्या चेहऱ्यावर नाक होतं.

५

आधी वाटलं, मळ साचला असेल. मी पदराने घासलं. मळ निघाला तर नाक आणखी उठून दिसायला लागलं. माझ्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन हिवाळ्यात झालं होतं, तेव्हा सगळा दोष मी नव्या भिंगांवर टाकला. आधी नीट दिसलंच नसेल.

दोन दिवसांनी भुवया आल्या. मग डोळ्यांच्या खाचा. नखाएवढा चेहरा, पण मी भिंग आणलं, आणि त्या भिंगातून मला हनुवटीवरची खूण दिसली. क्वार्टर्सच्या बागेतल्या घसरगुंडीवरून मानस पडला होता, तेव्हा टाके पडले होते. ती खूण फोटोतसुद्धा दिसत नाही. ती फक्त मला दिसते, कारण तेव्हा त्याला दवाखान्यात मांडीवर धरून मीच बसले होते.

संध्याकाळी मानसने व्हिडिओ कॉल केला. पडद्यावर टोपी स्पष्ट होती, कॉलर, खांद्यावरची हुद्द्याची चिन्हं, छातीवरचं नावसुद्धा वाचता येत होतं. चेहरा मात्र धूसर, कोणी ओल्या बोटाने पुसल्यासारखा.

"कॅमेरा पूस रे जरा," मी म्हटलं.

"पुसलाय, आई. तू मला अच्छी दिसतेयस. नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल."

"हो, नेटवर्कच असणार," मी म्हटलं. छातीवरचं नाव वाचता येतं आणि तोंड दिसत नाही, हे कसलं नेटवर्क, असा प्रश्न ओठांवर आला होता, तो गिळला. त्याला तिकडे काळजी नको.

"झोप लागत नाही हल्ली," तो मध्येच म्हणाला. "काय होतं, सांगू? दाढी करताना आरशात बघतो ना, तर... जाऊ दे."

"काय? बोल ना."

"कुछ नहीं. दमलोय. घरी यायचंय, आई."

कॉल संपला. मी त्या काळ्या पडद्याकडे बघत बसले. आणि मागच्या खोलीत बटण वाजलं. टिक, टिक, टिक.

६

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच पदक रुमालात गुंडाळून पहाडगंज गाठलं. मनाशी पक्कं केलं होतं. ज्याने नाव घातलं त्यानेच काढायचं, म्हणजे विषय संपला. असं केल्याने काय होईल यावर माझा विश्वास होता का? नव्हता. पण न करणंही मला जमत नव्हतं.

दुकानदाराने पदक उलटंपालटं केलं. "नाम हटाना है? घिसाई करनी पड़ेगी. पतली चीज है, दोनों तरफ से चाक पर चढ़ेगी. सामने का भी थोड़ा जाएगा."

"सामने का क्या?"

त्याने दिव्याखाली धरलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर आश्चर्य दिसलं. "अरे वाह. ये तो बहुत बढ़िया उठा है. हमारे साँचे में तो..." तो थांबला. "चेहरा जाएगा, मैडम. पूरा सपाट हो जाएगा. कर दूँ?"

आतल्या बाजूला घासायचं चाक सुरू झालं. त्याची घरघर माझ्या दातांत उतरली. त्याने पदक चिमट्यात धरलं, मानसचा चेहरा चाकाकडे करून. ते कपाळ, ते नाक, हनुवटीवरचा तो व्रण. भीती वाटते म्हणून कोणी आपल्या मुलाचं तोंड सहाणेवर धरतं का?

"रुको!" मी ओरडले. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

मी पदक परत घेतलं, छातीशी धरलं आणि मेट्रोत तसंच धरून बसले. समोरच्या बाईने विचारलं, "बेटे का है?" मी हो म्हटलं.

घरी आले तेव्हा उन्हं उतरली होती. मानसच्या खोलीचं दार किलकिलं होतं. ते मी बंद करून गेले होते. आत पलंगावर कोणीतरी पाठमोरं बसून बुटांच्या नाड्या सोडत होतं. मानेवर केस बारीक कापलेले. उजव्या कानामागे तीळ. कपाटाला आरसा आहे, त्यात समोरून दिसत होतं. मानस होता. कपाळ, भुवया, हनुवटी, सगळं जिथल्या तिथे. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि हसला.

आणि मला आनंद झाला. हे मी लपवणार नाही. त्या क्षणी मला भीती वाटली नाही, निव्वळ आनंद झाला. पोरगं घरी आलं, धडधाकट आलं, आता कोणी बोलावलं तरी पाठवायचं नाही. मी दार लोटून आत पाऊल टाकणार, तेवढ्यात हातातला फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, मानस.

मी दार ओढून घेतलं. 

"आई," फोनमधला आवाज फार लांबून येत होता, "रजा मिळाली. निघतोय. उद्या दुपारी पोचतो."

७

त्या खोलीला मी बाहेरून कडी घातली. आतून कोणी दार वाजवलं नाही, ढकललं नाही. अण्णा तेवढे रागावले.

"पोराला कोंडून ठेवतेस?"

"अण्णा, मानस उद्या येतोय."

"आलेला माणूस परत कसा येईल?" अण्णांनी माझा हात धरला. त्यांच्या हाताला अजून लष्करी पकड आहे. "सूनबाई, ऐक. दारात कोणी परका आला तर घेऊ नकोस. तूच ओवाळून घेतलंस ना याला? मग संपलं. घरात एक मानस आहे."

"तुम्हीच म्हणाला होतात ना, नाव घालू नकोस म्हणून?"

अण्णा शोकेसकडे बघत राहिले.

"म्हणालो होतो," ते हळूच म्हणाले. "पण आता आलाय, तर त्याला जा कसं म्हणू?"

मला त्यांचा राग आला नाही. कारण थोड्याच वेळापूर्वी त्या दारात उभी राहून मीही तेच म्हटलं असतं.

सकाळी उठून मी ज्वारीचं पीठ मळलं. एकच भाकरी थापली. पीठ तेवढंच निघालं डब्यातून. घर इतकं शांत होतं, की तव्यावर भाकरी फुगताना तिचा सुस्कारा ऐकू आला. तांब्यात पाणी भरलं, ताट केलं, तुकडा मोडून ठेवला. कोणासाठी करतेय, असं मनात येत होतं. पण हात सवयीने चालत होते.

दुपारी इंटरकॉम वाजला. गार्ड नेहमीसारखा बोलेना. "मैडम, कोई आए हैं. बैग पे आपका ही नाम है." तो अडखळला. "भेजूँ?"

"भेजो," मी म्हटलं.

८

बेल वाजली. मी दाराच्या छिद्रातून पाहिलं नाही. थेट दार उघडलं.

उंबऱ्याबाहेर तो उभा होता. साधा शर्ट, खांद्यावर हिरवी बॅग, बॅगेवर पांढऱ्या रंगात मेजर मानस सबनीस. शर्टाची बटणं, घामाने चिकटलेली कॉलर, नखांतली माती, सगळं मला स्पष्ट दिसत होतं. आणि कपाळाखाली काही नव्हतं. नुसता गुळगुळीत, दमलेला उंचवटा.

  तो काही बोलला नाही. बोलणार कशाने?

"कोण आहे गं, आई?"

हा आवाज आतून आला. मानसचा आवाज, खणखणीत, झोपून ताज्या झालेल्या माणसाचा. मागे खोलीची कडी निघाली. ती बाहेरून घातली होती, पण निघाली.

"परका आहे," आरामखुर्चीतून अण्णा म्हणाले. "दार लाव, सूनबाई."

मी दाराची कड धरली. आता लावलं असतं तर सगळं ठीक झालं असतं. चेहरा असलेला, आवाज असलेला, आजोबांशी पत्ते खेळणारा मुलगा जन्मभर घरात राहिला असता. कधीही सीमेवर गेला नसता. असं कोणत्या आईला नको असेल?

बाहेरच्याने बॅग खाली ठेवली. एक पाऊल मागे सरला, आपल्याला घ्यायचं की नाही हे त्याला कळत नसल्यासारखा. मग त्याने माझ्या हातातल्या ताटाकडे तोंड केलं, आणि मान खाली घातली. माझा हात पोचेल इतकी. बरोब्बर तितकीच.

त्याच्या डोक्याला रेल्वेच्या डब्याचा वास येत होता, घामाचा आणि उन्हाचा. मला रडू फुटलं. हा माझ्या पोटात होता तेव्हा मी कुठे याचा चेहरा पाहिला होता? तरी ओळखत होतेच ना? रात्री कुशीवर वळले की तो कुठे आहे, हे मला हाताने कळायचं. चेहरा तर फार नंतर आला.

"मानस," मी म्हटलं. "थांब हं, बाळा."

मी ताटातला तुकडा उचलला.

मागे पावलं वाजली. खोलीतून स्वयंपाकघरात गेली, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आली. त्यांच्याबरोबर फरशीवरून लाकूड ओढत आणल्याचा आवाज आला.

"आई," अगदी माझ्या पाठीशी तो हसत म्हणाला, "स्टूल आणू का?"

मी मागे वळले नाही. वळले असते तर तो हसरा चेहरा मला दिसला असता, आणि मग माझा हात पुढे गेला नसता. खाली वाकलेल्या त्या डोक्यावरून मी तुकडा ओवाळला. एकदा. दोनदा. तीनदा. तो मी जिन्याकडे टाकला. तांब्यातलं पाणी त्याच्या बुटांवर घातलं.

"ये," मी म्हटलं. "आत ये."

त्याने उंबऱ्यावरून पाय उचलला. तेवढ्यात माझ्या टाचेला, मागून, स्टुलाचा पाय टेकला.